शेत, बीज आणि 'येर्मा'

दिवाळीत घर माणसांनी भरते, फराळाची ताटे फिरू लागतात, आणि लग्नाला दोन-तीन वर्षे झालेल्या एखाद्या सुनेला कोणी वडीलधारी बाई हळूच विचारते, "काय गं, यंदा तरी गोड बातमी आहे ना?" विचारणारीच्या मनात काही वाईट नसते. तरी त्या मुलीच्या हातातली करंजी हातातच राहते. शेजारी बसलेल्या तिच्या नवऱ्याला मात्र हा प्रश्न कोणी विचारीत नाही. फेदेरिको गार्सिया लोर्का या स्पॅनिश कवीने याच दुखऱ्या जागेवर एक शोकनाट्य रचले. ते पुन्हा वाचताना जे मनात आले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

'येर्मा' हे नाटक २९ डिसेंबर १९३४ रोजी माद्रिदच्या रंगभूमीवर आले. नायिकेचे नाव तेच नाटकाचे नाव, आणि त्या शब्दाचा अर्थ ओसाड, नापीक. कथानक साधे आहे. येर्मा ही हुआन नावाच्या कष्टाळू शेतकऱ्याची बायको. लग्नाला दोन वर्षे उलटली, मूल नाही. मागून लग्न झालेल्या शेजारणीला दिवस जातात, आणि तिच्या बाळासाठी येर्माच शिवायला बसते. तेवढ्यात व्हिक्टर नावाचा मेंढपाळ येतो आणि ही तयारी तिच्याच बाळाची समजून आनंदून जातो. लोर्काच्या प्रतिभेची ओळख पटावी असा हा प्रसंग आहे. कोणी रडत नाही, ओरडत नाही, आणि वाचकाचा जीव मात्र कळवळतो. पुढे वर्षे जातात. ओढ्यावर धुणे धुणाऱ्या बायका तिची चर्चा करतात. नवरा तिच्यावर पहारा ठेवायला आपल्या दोन बहिणी घरात आणून बसवितो. ती रात्री स्मशानात जाऊन मंत्रतंत्र करविते, नवसाच्या जत्रेला जाते. शेवटी हुआन सांगून टाकतो की, त्याला मुलाची आस नाही, तो आहे त्यात सुखी आहे. त्या क्षणी ती त्याचा गळा आवळते, आणि आपण आपल्या मुलालाच मारले असा आक्रोश करते.

या नाटकाला मातृत्वाच्या ओढीचे काव्य म्हणण्याची रीत आहे. मला ते पुरेसे वाटत नाही. येर्माचा बळी घेते ती एक उपमा. स्त्री म्हणजे शेत आणि पुरुष म्हणजे बी, ही ती उपमा. ती आपल्याला परकी नाही. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात ती उघड मांडलेली आहे, आणि आपल्या रोजच्या बोलण्यातही ती मुरलेली आहे. 'वांझोटी चर्चा' आपण म्हणतो, 'वांझोटा वाद' म्हणतो. पण एखाद्या पुरुषाला वांझोटा म्हटलेले कोणी ऐकले आहे काय? दोष लावायचा तो जमिनीला, हे त्या उपमेनेच आधी ठरवून टाकलेले असते.

शास्त्राने ही उपमा केव्हाच खोटी पाडली. १८२७ साली कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर याने कुत्रीच्या बीजांडकोशात तिचे स्वतःचे बीज पाहिले. स्त्रीच्या गर्भाशयाच्या दोन्ही अंगांना बदामाएवढे दोन बीजांडकोश असतात. मुलगी जन्मते तेव्हाच त्यांत दहा ते वीस लाख अपक्व बीजे असतात, आणि त्यांपैकी जन्मभरात चारपाचशेच पक्व होऊन बाहेर पडतात. म्हणजे आपण ज्या बीजापासून झालो, ते आपली आई आजीच्या पोटात असतानाच तयार झाले होते! मग यातले शेत कोणते आणि बी कोणाचे?

'येर्मा' रंगभूमीवर आले त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १९३५ साली, अमेरिकेत शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी सात स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांची पाळी चुकत होती, बीजांडकोश बारीक पुटकुळ्यांनी भरलेले होते. डॉक्टरांनी कोशांचा थोडा भाग कापून काढला. सातही जणींची पाळी पुन्हा सुरू झाली आणि दोघींना दिवस गेले. त्या पुटकुळ्या म्हणजे अर्ध्या वाटेवर वाढ थांबलेली बीजांची घरे, हे आज कळले आहे. आज हा विकार 'पीसीओएस' या नावाने घरोघर ठाऊक आहे. मूल होण्याच्या वयातल्या शंभर स्त्रियांत आठ ते तेरा जणींना तो असतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले होते. शस्त्रक्रियेची वेळ आता क्वचितच येते. पुष्कळ जणींना औषधोपचाराने दिवस राहतात.

तर मग येर्माच्या गावात एक चांगला डॉक्टर असता, तर नाटक पहिल्याच अंकात संपले असते काय? मला तसे वाटत नाही. उणे कोणाचे, हे लोर्का अखेरपर्यंत ठामपणे सांगत नाही. एक म्हातारी हुआनच्या घराण्याकडे बोट दाखविते, एवढेच. येर्माच्या शरीरात काही दोष नसेलही. पण हुआन तपासून घ्यायला गेला असता काय? मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडचे कारण, एकटे वा जोडीने, असते. त्याची तपासणीही सर्वांत सोपी. तरी दवाखान्याची पायरी पहिल्याने चढते ती बहुधा सूनच. औषध आले, पण उपमा गेली नाही.

लोर्काशी माझे भांडण एकाच जागी आहे. प्रत्येक बाईच्या अंगात चारपाच मुलांपुरते रक्त असते आणि मुले झाली नाहीत की त्याचे विष होते, असे येर्मा मानते. पात्राची समजूत म्हणून ते खरे आहे. पण नाटकही तिला याहून वेगळे काही सुखदुःख देत नाही. बीजांडकोशाचे काम मूल देण्याने संपत नाही. त्यांतून पाझरणारे स्राव हाडांना बळ देतात, मनाचा तोल सांभाळायला मदत करतात. पीसीओएस झालेल्या मुलीच्या चेहऱ्यावर लव येते, मुरमे येतात, वजन वाढते, मन खिन्न होते, पुढे मधुमेहाची भीती असते. मूल झाल्याने हे सारे सुटत नाही, आणि ज्या मुलीला मूल नकोच आहे तिलाही ते भोगावे लागते. तिची विचारपूस कोणी करायची?

मराठीत आरती हवालदार यांनी 'येर्मा'चे 'चांगुणा' केले. जयदेव हट्टंगडी यांनी ते बसविले आणि रोहिणी हट्टंगडी यांनी त्यात काम केले. नाव किती मार्मिक! आपल्या कथेतली चांगुणा म्हणजे दारी आलेल्या अतिथीसाठी पोटचा चिलया देणारी आई. मूल असो वा नसो, कसोटी लागते ती बाईचीच, हे त्या एका नावाने मराठी प्रेक्षकाला उमगते. शिवाय मूळ नावातली नापीक जमीनही या नावात उरत नाही. रूपांतराचे हे यश लहान नाही.

'येर्मा' जरूर वाचावे. जमल्यास चार माणसांत बसून वाचावे. आणि घरच्या सुनेला काही विचारायचेच असेल, तर "तुझी प्रकृती कशी आहे?" एवढेच विचारावे, आणि ती खरे उत्तर देईपर्यंत थांबावे.