अकिलीसचे आजोळ

ग्रीक पुराणकथांच्या संदर्भग्रंथांतून जलदेवतांची जी वंशावळ आढळते ती बहुधा एकसारखी असते. सर्वांत वर पृथ्वी, तिच्याखाली पाँटॉस व ओकेआनॉस, आणि मग शाखोपशाखांनी नद्या व समुद्रकन्या. ही वंशावळ सोयीची खरी. परंतु ती कोणत्याही एका कवीची नव्हे. निरनिराळ्या काव्यांतील नाती एकत्र जोडून ती सिद्ध केलेली असते, आणि ‘इलियड’च्या एकविसाव्या सर्गावर ती लादली म्हणजे त्या सर्गाचे मर्म हातचे जाते.

हेसिअडच्या ‘थिऑगनी’त पाण्याची दोन घराणी आहेत. पाँटॉस हा खारा समुद्र. पृथ्वीने त्याला पतीवाचून जन्म दिला. ओकेआनॉस हा भूमीला वेढणारा महाप्रवाह. तो आकाश व पृथ्वी यांचा पुत्र. त्याला टेथिसपासून तीन हजार कन्या झाल्या, आणि तितकेच नदीरूप पुत्रही झाले. (ग्रीकांच्या नद्या पुरुष आहेत; शोण व ब्रह्मपुत्र हे नद ज्याला परिचित आहेत त्याला याचे नवल वाटू नये.) पाँटॉसचा पुत्र नीरिअस याने ओकेआनॉसची कन्या डोरिस वरली आणि खाऱ्या व गोड्या पाण्याच्या या सोयरिकीतून पन्नास समुद्रकन्या जन्मल्या. पोसायडन या दोहोंपैकी कोणत्याच घराण्यातला नव्हे. तो क्रोनॉसचा पुत्र. नीरिअसची कन्या अँफिट्राइटी त्याची पत्नी झाली. म्हणजे समुद्राचा हा स्वामी समुद्राच्या घरी जावई आहे. होमर तर पंधराव्या सर्गात त्याचे स्वामित्व सरळ चिठ्ठ्या टाकून झालेल्या वाटणीतले ठरवितो. हेसिअडला नात्यांच्या द्वारे विश्वाची रचना सांगावयाची आहे, आणि त्या दृष्टीने ही मांडणी निर्दोष आहे.

आता, थेटिस ही त्या पन्नासांतील एक, आणि अकिलीस तिचा पुत्र. हेसिअडच्या नदीपुत्रांत ट्रॉयच्या स्कमँडरचेही नाव आहे. तेव्हा तो डोरिसचा भाऊ व थेटिसचा मामा ठरतो. या हिशेबाने एकविसाव्या सर्गात अकिलीस आपल्या आईच्या मामाशीच झुंजतो. अर्थ मोहक आहे. पण तो टिकत नाही. होमर स्कमँडरला झ्यूसचा पुत्र म्हणतो. डोरिसचे नाव अठराव्या सर्गात येते, ते थेटिसभोवती शोक करीत जमलेल्या बहिणींच्या मेळाव्यात. तिची आई म्हणून नव्हे. थेटिसच्या पित्याला तर तो केवळ समुद्रातील वृद्ध एवढेच म्हणतो. ‘इलियड’मध्ये हे मामाचे नाते अस्तित्वातच नाही.

होमरने नात्याचा उपयोग निराळ्या प्रकारे केला आहे. अ‍ॅक्सिऑस नदीचा नातू अस्टेरोपायॉस याला ठार मारून अकिलीस आपल्या कुळाची बढाई मारतो. नदीच्या वंशजाने झ्यूसच्या वंशजाशी टक्कर घेऊ नये. सर्व नद्या व समुद्र ज्याच्यापासून निघतात तो ओकेआनॉसही झ्यूसच्या विजेला भितो, असे तो सांगतो. पेलेउस, त्याचा पिता आयाकॉस, त्याचा पिता झ्यूस : कुळ मोजले जाते ते केवळ बापाकडून. ज्याची आई समुद्रात राहते तो वीर पाण्याच्या दुर्बलतेविषयी बोलतो आहे, आणि त्या आईचे नाव त्याच्या तोंडी येत नाही. त्यानंतर थोड्याच वेळात नदी त्याच्यावर चालून येते. बुडण्याची वेळ आली तेव्हा मात्र त्याला आई आठवते, तीही तक्रारीसाठी : स्वर्गातील कोणत्याही देवाहून तिचाच दोष अधिक; अपोलोच्या बाणांनी मरण येईल असे खोटे सांगून तिने आपल्याला भुलविले. वंशावळीतून वगळलेले आजोळ येथे अशा रीतीने परत येते. हे कवीने योजून केले की कथेच्या ओघात घडले, हा वाद निराळा. ओळींचा क्रम तोच राहतो.

पोसायडन आणि अथीना धीर देऊन जातात, तरी नदी ओसरत नाही. ती ओसरते हेफैस्टॉसच्या अग्नीने. याच देवाला, स्वर्गातून फेकला गेला असता, थेटिसने आणि ओकेआनॉसची कन्या युरिनोमी हिने नऊ वर्षे गुहेत आश्रय दिला होता, असे अठरावा सर्ग सांगतो. एकविसाव्यात आज्ञा हेराची आहे. त्या ऋणाचा उल्लेख तेथे कोणी करीत नाही.