गप्पांतील विज्ञान : नामे, क्रियापदे आणि प्रत्यय

विज्ञानविषयक मराठीची चिकित्सा आजवर बहुतांशी नामांच्या अंगाने झालेली आहे. दूरध्वनी की टेलिफोन, भ्रमणध्वनी की मोबाईल, अवकाश की अंतराळ, हे वाद मोठ्या हिरिरीने खेळले गेले. १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाच्या परिभाषाकोशांचा भरही साहजिकच नामांवर आणि विशेषणांवर राहिला. शास्त्रीय ग्रंथलेखनापुरते ते योग्यच होते. परंतु सुशिक्षित माणसे जेवणानंतर किंवा आगगाडीच्या डब्यात नव्या फोनविषयी, चंद्रावरील यानाविषयी, कृष्णविवराविषयी ज्या सहज गप्पा करतात, त्यांतील मराठी ह्याच मापाने मोजू गेल्यास निष्कर्ष चुकतो. इंग्रजी शब्द आले की भाषा बिघडली आणि संस्कृत शब्द आले की विचार शुद्ध झाला, हा समज रूढ आहे खरा. पण बोलणाऱ्याचे आकलन नामापाशी क्वचितच घसरते. ते घसरते क्रियापदापाशी आणि प्रत्ययापाशी, म्हणजे जेथे मराठी निर्भेळ मराठीच असते तेथे.

परकीय नाम पचविणे मराठीस कधीच जड गेलेले नाही. फारसीतील दूरबीन मराठीत दुर्बीण झाली आणि वाघीण, माळीण ह्यांच्या पंक्तीत बसून स्त्रीलिंगीही झाली. दिवा लावणे, गजर लावणे ह्यांच्या शेजारी रेडिओ लावणे आणि फोन लावणे हे प्रयोग इतक्या सहजपणे आले, की त्यांचे नवेपण कोणास जाणवले नाही. 'मोबाईल चार्जिंगला लावला' ह्या वाक्यात दोन नामे इंग्रजी आहेत. वाक्य मात्र पोराला कामाला लावावे त्याच घडणीचे आहे. 'रेंज येते' आणि 'रेंज जाते' ह्या प्रयोगांमागे नळाचे पाणी आणि वीज ह्यांचा अनुभव उभा आहे. ह्या वाक्यांत भाषेचे काही बिघडलेले नाही आणि अर्थाचेही नाही.

आता उलट प्रकारचे एक वाक्य घ्यावे : 'वेब दुर्बिणीतून दीर्घिका अशी दिसते.' ह्यात शुद्धिवाद्याने आक्षेप घ्यावा असे काही नाही. तथापि '-तून' हे रूप मार्ग दाखविते. खिडकीतून पाहावे, तसे दुर्बिणीतून पाहावयाचे, तर एका टोकास डोळा आणि दुसऱ्या टोकास आकाश असले पाहिजे. २५ डिसेंबर २०२१ रोजी सोडलेली जेम्स वेब दुर्बीण पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटर दूर आहे आणि तिला डोळा लावणारा कोणी नाही. तिचा साडेसहा मीटर व्यासाचा आरसा मुख्यत्वे अवरक्त किरण गोळा करतो, संवेदक त्यांची नोंद करतात, आणि पृथ्वीवर त्या नोंदींना रंग दिले जातात. सामान्यतः लांब तरंगलांबीस तांबडा आणि आखूड तरंगलांबीस निळा, असा त्यांचा क्रम असतो. हे ऐकताच बैठकीतील एखादा गृहस्थ ठरलेला प्रश्न टाकतो : मग हा फोटो खरा की रंगविलेला? हा प्रश्न खगोलशास्त्राने निर्माण केलेला नाही. तो '-तून' ह्या दोन अक्षरांनी निर्माण केला आहे. 'दुर्बिणीने टिपलेली नोंद' असे म्हटले असते, तर तृतीयेने साधन सुचविले असते, आणि नोंदीस रंग देणे हे नकाशातील समुद्रास निळा रंग देण्याइतकेच निरुपद्रवी वाटले असते. मार्ग आणि साधन ह्यांतील हा भेद मराठीच्या घरातलाच आहे. तो वापरला जात नाही, इतकेच.

नारायणगावाजवळील खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० ताटल्यांची रेडिओ दुर्बीण आहे. ती आकाश 'ऐकते', असे कौतुकाने म्हटले जाते. हे क्रियापद रेडिओ ह्या नामाने आपल्या घरगुती संसारातून बरोबर आणले, हे उघड आहे. रेडिओतरंग हे ध्वनितरंग नव्हेत. ते प्रकाशाच्याच कुळातील आहेत आणि निर्वात पोकळीतून येतात. येथे नामाकडे थोडासा दोष जातो, हे मान्य करावयास हवे.

'कृष्णविवर' ह्या शब्दावर मात्र नामाचा दोष फार लादला गेला. विवर म्हणजे बीळ किंवा भोक, आणि आकाशात भोक कसले, असा आक्षेप घेतला जातो. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी टोपणनावाने पाठविलेली आणि पहिली आलेली कथा ह्याच नावाची होती. शब्द रुळला, आणि चांगलाच रुळला. गैरसमज पसरवितात ती त्याच्या मागे लागलेली क्रियापदे : गिळते, ओढून घेते, शोषते. सूर्याच्या जागी त्याच्याच वस्तुमानाचे, सुमारे तीन किलोमीटर त्रिज्येचे कृष्णविवर ठेवले, तर पृथ्वी गारठेल, परंतु आपल्या कक्षेतून ढळणार नाही. दुरून त्याचे आकर्षण सूर्याइतकेच. गिळणे हे क्रियापद अगदी निकट गेलेल्या वस्तूपुरते खरे आहे. इंग्रजी बोलणारेही हीच चूक करतात, हे सांगितले पाहिजे, नाहीतर मराठीवर अन्याय होईल.

याउलट एके ठिकाणी मराठीचे क्रियापद शास्त्राच्या अधिक जवळ जाऊ शकते. २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात गेले, तेव्हा ते तेथे 'तरंगतात, कारण तेथे गुरुत्वाकर्षण नसते', हे वाक्य सर्वत्र ऐकू आले. स्थानक जेमतेम ४०० किलोमीटर उंचीवर आहे आणि तेथील गुरुत्वाकर्षण भूपृष्ठावरील बलाच्या सुमारे नऊ दशांश आहे. 'तरंगणे' हे पाण्याचे क्रियापद असून ते आधार सुचविते. प्रत्यक्षात स्थानक, त्यातील माणसे आणि त्यांची पेन्सिल ही सर्व एकत्र पडत असतात. पुढे जाण्याचा वेग मोठा असल्याने पृथ्वीची वक्रता त्यांच्या पडण्यापुढून सतत निसटते. 'पडत राहणे' हे मराठी संयुक्त क्रियापद ह्या स्थितीचे जवळजवळ शास्त्रीय वर्णन आहे. परिभाषेत त्यास जागा नाही, कारण ते नाम नव्हे.

कर्त्याची चूक ह्याच जातीची. 'मी कोठे आहे ते उपग्रहाला कळते', असे जीपीएसविषयी म्हटले जाते. उपग्रहास काही कळत नाही. तो वेळेचे आणि स्वतःच्या स्थानाचे संकेत पाठवीत राहतो, आणि किमान चार उपग्रहांचे संकेत घेऊन गणित करतो तो खिशातील फोन.

चांद्रयान-३ च्या प्रसंगी हे सर्व गुणदोष एकत्र पाहावयास मिळाले. २३ ऑगस्ट २०२३ रोजी यान 'दक्षिण ध्रुवावर उतरले', असे घरोघर म्हटले गेले. ते सुमारे ६९ अंश दक्षिण अक्षांशावर, ध्रुवापासून ६०० किलोमीटरांहून थोडे अधिक दूर उतरले होते. '-वर' आणि '-कडच्या प्रदेशात' ह्यांतील अंतर येथे मुंबई ते गोवा ह्या वाटेहून अधिक भरते. मात्र क्रियापदे त्या सायंकाळी अचूक होती. २०१९ च्या सप्टेंबरात विक्रम चंद्रावर 'आदळले' होते. ह्या वेळी ते 'अलगद उतरले'. 'मृदू अवतरण' हा शब्द छापील मजकुरात होता. दिवाणखान्यातील म्हाताऱ्या बायका दूरचित्रवाणीसमोर म्हणत होत्या ते 'टेकले, पाय टेकले'.