आनंदासाठी वाचन : एका निष्कर्षाची चिकित्सा

मुलांच्या स्वेच्छावाचनाविषयीच्या संशोधनात ॲलिस सलिव्हन व मॅट ब्राउन यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा उल्लेख वारंवार होतो. ग्रेट ब्रिटनमध्ये १९७० सालच्या एप्रिलातील एकाच आठवड्यात जन्मलेल्या मुलांची जी दीर्घकालीन पाहणी चालू आहे, तिच्यातील सुमारे ६,००० मुलांची माहिती या अभ्यासाला आधारभूत आहे. दहाव्या वर्षी वारंवार आणि सोळाव्या वर्षी आठवड्यातून एकाहून अधिक वेळा पुस्तके वाचणाऱ्या मुलांची शब्दसंग्रह, गणित व शुद्धलेखन या तिन्ही चाचण्यांतील प्रगती इतरांहून सरस आढळली. पुस्तके, ग्रंथालय व वृत्तपत्र यांचा एकत्रित प्रभाव हा आईवडिलांपैकी एक पदवीधर असण्याच्या लाभाहून चौपट भरला.

या अभ्यासाचे गुण मान्य केलेच पाहिजेत. अंतिम गुणांवर न थांबता त्याने प्रगती मोजली आणि कौटुंबिक परिस्थिती व पूर्वीच्या चाचण्यांतील गुण हिशेबात घेतले. तथापि ‘आनंदासाठी वाचन’ या संज्ञेखाली प्रत्यक्षात मोजली गेली ती वाचनाची वारंवारता. वारंवार वाचणारे मूल आनंदाने वाचते, हे येथे गृहीत आहे, सिद्ध नव्हे. घरच्या शिस्तीने रोज वाचणारा मुलगा आणि एकाच कथेत आठवडाभर रमणारी मुलगी यांतील भेद अशा प्रश्नावलीला दिसत नाही.

दुसरी अडचण कार्यकारणभावाची. दिसून आलेली आघाडी शब्दसंग्रहात १४.४, गणितात ९.९ व शुद्धलेखनात ८.६ टक्के-अंकांची आहे. गणिताचा लाभ शुद्धलेखनाहूनही अधिक ठरावा, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. समृद्ध शब्दसंग्रहामुळे सर्वच विषयांचे आकलन सुलभ होते, हे संशोधकांचे स्पष्टीकरण ग्राह्य वाटते. परंतु चिकाटी किंवा जिज्ञासा यांसारखा एखादा न मोजलेला गुण वाचन व गणित या दोहोंच्या मुळाशी नसेल, असे निश्चयाने म्हणता येत नाही. शिवाय नेदरलँड्समधील ११,००० हून अधिक जुळ्या मुलांवरील एल्सये फान बर्गन व सहकाऱ्यांच्या २०१८ च्या अभ्यासात सुमारे सात वर्षांच्या वयात प्रभावाची दिशा उलट आढळली : ज्यांना चांगले वाचता येते ती मुले अधिक वाचतात. दोन्ही अभ्यासांतील वये भिन्न असल्याने हा सरळ विरोध नव्हे. आरंभी कौशल्य वाचनाकडे नेते आणि पुढे वाचन कौशल्य वाढविते, असा क्रमही संभवतो.

या संदर्भात लुईझ रोझेनब्लाट यांनी १९७८ साली मांडलेला भेद उपयुक्त ठरतो. वाचनानंतर काय हाती उरेल इकडे लक्ष ठेवणारी वृत्ती निराळी, आणि वाचता वाचता येणाऱ्या अनुभवात लीन होणारी वृत्ती निराळी. आनंदाचे स्थान दुसऱ्या वृत्तीत आहे. गुणवाढीचा आधार देऊन आनंददायी वाचनाचे समर्थन करणारे संशोधन नकळत त्याला पहिल्या वृत्तीच्या स्वाधीन करते.

हा प्रश्न केवळ परिभाषेचा नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा दिवस ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून पाळला जातो. अशा उपक्रमाचे मूल्यमापन वाचलेल्या पुस्तकांची संख्या मोजून केल्यास शाळा संख्याच वाढवतील आणि वाचन हा आणखी एक गृहपाठ होईल. मूल कोणते पुस्तक आपण होऊन निवडते, कोणते अर्धवट सोडते, कोणते पुन्हा उघडते व त्याविषयी कोणाशी बोलते, यांचे निरीक्षण अधिक श्रमाचे आहे. परंतु ज्याला आनंद म्हणावयाचे, त्याचा पुरावा तेथेच मिळण्याचा संभव आहे.