ताण उतरला, पण कशामुळे?

मुळशी तालुक्याची दोन रूपे आहेत. पश्चिमेला धरण, डोंगर आणि भातखाचरे; पूर्वेला हिंजवडीचे राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान उद्यान. अशा कार्यालयांतून कामाचा ताण वाढला, की निसर्गाच्या सान्निध्यात 'ताणमुक्ती शिबिर' घ्यायची पद्धत पडली आहे. प्राणायाम, ध्यान, व्याख्यान होते. शेवटी प्रश्नावली भरून घेतात आणि 'ताण घटला' असा निष्कर्ष निघतो.

हा निष्कर्ष कसोटीला उतरतो का? पहिल्या घटक चाचणीत सर्वांत कमी गुण मिळवणारी दहा मुले घ्या. वेगळे काही शिकवले नाही, तरी पुढच्या चाचणीत त्यांची सरासरी बहुधा वाढलेली दिसेल. कारण काहींचा तो दिवसच वाईट होता. ताण शिगेला पोहोचल्यावर शिबिराला येणाऱ्यांचेही तसेच. शिवाय, स्वेच्छेने येणारे मुळातच प्रकृतीला जपणारे असू शकतात. म्हणून चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडावे लागतात.

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात २०१६ साली सुमारे ५,००० कर्मचाऱ्यांवर असा प्रयोग सुरू झाला. कार्यक्रमात भाग घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा निरोगी दिसले. पण ते आधीपासूनच तसे होते! चिठ्ठ्यांनी पाडलेल्या गटांत मात्र वैद्यकीय खर्चात वा कामात लक्षणीय फरक आढळला नाही. ब्रिटनमधील ४६,३३६ कर्मचाऱ्यांची २०२४ साली प्रसिद्ध झालेली पाहणीही अशा कार्यक्रमांना फारशी अनुकूल नाही. तीत चिठ्ठ्या नव्हत्या, हे मात्र ध्यानात ठेवायला हवे.

मग दीर्घ श्वसन निरुपयोगी का? तसे नाही. शिथिलीकरणाने, विशेषतः विचारांची सवय बदलणाऱ्या प्रशिक्षणाने ताण कमी होतो, असे तुलना गट ठेवून केलेल्या अनेक प्रयोगांत दिसले आहे. पण ताणाचे मूळ कुठे आहे? रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ साली दाखवले, की कामाचा रेटा मोठा आणि निर्णयाचे स्वातंत्र्य थोडे, अशी जोडी सर्वांत घातक ठरते. शिबिर या जोडीला हातच लावत नाही. उलट ताण हा कर्मचाऱ्याचाच दोष ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ साली कामाच्या रचनेत बदल सुचवले.

शिक्षकांनाही अशा कार्यशाळेचे निमंत्रण येते. जरूर जावे, पण प्रश्नावली भरताना एक प्रश्न आपणच तीत घालावा : सोमवारी शाळेत नेमके काय बदलणार आहे?