दिव्यांगांचे अर्थसाहाय्य आणि मोफत विधी सेवा : कायद्याच्या संहितेचे एक चिकित्सक वाचन

प्रस्तावना

भारतीय राज्यघटनेच्या चौथ्या भागात दोन अनुच्छेद एकमेकांच्या अगदी जवळ आहेत. अनुच्छेद 41 मध्ये बेकारी, वार्धक्य, आजार व अपंगत्व या प्रसंगी सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा हक्क सांगितला आहे. 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद 39-अ मध्ये आर्थिक किंवा अन्य दुर्बलतेमुळे कोणी न्यायापासून वंचित राहू नये म्हणून मोफत विधी साहाय्याचे तत्त्व मांडले आहे. पुढे या दोन तत्त्वांवर स्वतंत्र कायदे झाले, स्वतंत्र यंत्रणा उभ्या राहिल्या. मात्र अर्थसाहाय्यासाठी झगडणाऱ्या दिव्यांग व्यक्तीच्या बाबतीत या दोन यंत्रणांची गाठ क्वचितच पडते. ती का पडत नाही, याचा शोध कायद्याच्या शब्दांतूनच घेण्याचा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

या विषयाकडे लक्ष वेधले गेले ते एका साध्या प्रसंगामुळे. परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील बोरी परिसरात राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात ‘कायदेविषयक जनजागृती’ या विषयावर व्याख्यान झाले. दिव्यांगांना मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, हे वक्त्यांनी समजावून सांगितले. माहिती अचूक होती. व्याख्यानानंतर मुलाचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन आलेल्या एका गृहस्थांनी विचारले, “सर, ऑफिसात नाही म्हणले. मग नाही म्हणल्याचं लिहून द्या म्हणलं, तर लिहूनबी देईनात. आता वकिलाला काय दाखवू?” वक्त्यांनी “तुम्ही अर्ज करा” असे उत्तर दिले आणि आभारप्रदर्शन सुरू झाले. प्रस्तुत लेखक त्या कार्यक्रमाचा सूत्रसंचालक होता. त्या प्रश्नाला तेव्हा उत्तर देता आले नाही, ही कबुली येथे देणे आवश्यक वाटते.

‘प्रकरण’ या शब्दाची मर्यादा

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987 मध्ये संमत झाला व 9 नोव्हेंबर 1995 पासून अमलात आला. त्याच्या कलम 12 मध्ये मोफत विधी सेवेस पात्र व्यक्तींची यादी आहे. अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया, बालके, कोठडीतील व्यक्ती यांच्यासोबत दिव्यांग व्यक्तींचाही त्यात समावेश असून या सर्वांना उत्पन्नमर्यादा लागू नाही. वक्ते सांगतात ते एवढेच. परंतु कलमाची सुरुवात ‘प्रकरण दाखल करावयाचे आहे किंवा ज्यात बचाव करावयाचा आहे अशी प्रत्येक व्यक्ती’ या आशयाच्या शब्दांनी होते, हे सहसा सांगितले जात नाही. कलम 13 याच दिशेने पुढे जाते. व्यक्तीची बाजू प्रथमदर्शनी टिकणारी आहे, याविषयी प्राधिकरणाचे समाधान झाले पाहिजे, असे ते म्हणते.

म्हणजे साहाय्याचा आरंभबिंदू ‘प्रकरण’ हा आहे. दिव्यांगांच्या अर्थसाहाय्याचा दावा मात्र बहुधा प्रकरण होण्याआधीच संपतो. तो तोंडी नकारात, परत केलेल्या अर्जात, ‘पुढच्या बैठकीत पाहू’ या वाक्यात किंवा दोन टक्क्यांनी कमी भरलेल्या प्रमाणपत्रात संपतो. लेखी आदेश नसेल तर आव्हान कशाला द्यायचे? आणि आव्हान नसेल तर कलम 12 च्या दृष्टीने त्या व्यक्तीजवळ काही आहे का? शिबिरातील गृहस्थांनी विचारलेला प्रश्न हाच होता. त्यांनी तो आपल्यापेक्षा नेमका विचारला.

येथे थांबून कायद्यालाच दोष देणे सोपे आहे; अनेक शोधनिबंध तेथेच थांबतात. परंतु संहितेचे पुढचे वाचन वेगळे काही सांगते. कलम 2 मधील ‘विधी सेवा’ या संज्ञेच्या व्याख्येत केवळ न्यायालयीन कामकाज नाही. न्यायालय, न्यायाधिकरण किंवा अन्य प्राधिकारी यांच्यापुढील कार्यवाहीतील सेवा तीत आहे, तसेच कोणत्याही कायदेशीर बाबीवर सल्ला देणे हेही आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचे 2011 चे विधी सेवा केंद्रांविषयीचे विनियम तर आणखी पुढे जातात. आर्थिक तरतुदीच्या अधीन राहून गावांत किंवा गावांच्या समूहासाठी केंद्रे उघडणे, अर्ज लिहून देणे, निरनिराळे नमुने भरून देणे, शासकीय कार्यालयांशी संपर्क साधणे ही कामे त्यांत स्पष्टपणे नमूद आहेत. हा विचारही नवा नव्हे. न्या. कृष्ण अय्यर व न्या. पी. एन. भगवती यांच्या समितीने 1977 च्या अहवालात न्यायालयाच्या दारापर्यंतच थांबणाऱ्या विधी साहाय्याची मर्यादा दाखवून दिली होती.

तेव्हा दोष शब्दांचा कमी आणि वाचनाचा अधिक आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. व्यवहारात कलम 12 वाचले जाते. कलम 2 आणि 2011 चे विनियम वाचले जात नाहीत.

प्रमाणपत्राचे वर्तुळ

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. समजा, एखाद्या व्यक्तीचा वादच अपंगत्वाच्या प्रमाणपत्राविषयी आहे. तिला 38 टक्के देण्यात आले. योजनांसाठी 40 टक्के लागतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 (अंमल 19 एप्रिल 2017 पासून) च्या कलम 59 नुसार प्रमाणन प्राधिकाऱ्याच्या निर्णयावर अपील करता येते. विशेष म्हणजे, विनिर्दिष्ट अपंगत्व नाही असा निष्कर्ष निघाल्यास तो लेखी कळविणे कलम 58 ने बंधनकारक केले आहे. या अपिलासाठी मदत हवी म्हणून ती व्यक्ती विधी सेवेकडे गेली आणि ‘दिव्यांग असल्याचा पुरावा’ म्हणून तिच्याकडे 40 टक्क्यांचेच प्रमाणपत्र मागितले गेले, तर काय होईल? जो कागद मिळवायचा आहे तोच मदतीची पूर्वअट होईल.

कायद्याचा मजकूर पाहिला तर ही पूर्वअट अनिवार्य नाही. कलम 12 मध्ये दिव्यांग व्यक्तीची ओळख 1995 च्या अपंग व्यक्ती अधिनियमातील कलम 2 च्या खंड (आय) वरून केली आहे. त्या खंडात ‘अपंगत्व’ म्हणजे काय ते सांगितले आहे, टक्केवारी नाही. किमान 40 टक्के व वैद्यकीय प्राधिकाऱ्याचे प्रमाणपत्र ही अट त्याच कलमातील खंड (टी) मध्ये, ‘अपंग व्यक्ती’ या स्वतंत्र व्याख्येत आहे. म्हणजे विधी सेवेसाठी जाणीवपूर्वक असो वा अभावितपणे, व्यापक व्याख्या निवडली गेली. 1995 चा कायदा आता निरसित झाला असला तरी हा भेद महत्त्वाचा ठरतो. 2016 च्या कायद्यानेही ‘दिव्यांग व्यक्ती’ आणि ‘लक्षणीय अपंगत्व असलेली व्यक्ती’ असा फरक केला असून 40 टक्के केवळ दुसरीला लावले आहेत. त्याच कायद्याच्या कलम 12 ने विधी सेवा प्राधिकरणांवर त्यांच्या सेवा दिव्यांगांना इतरांच्या बरोबरीने मिळतील अशी व्यवस्था करण्याची जबाबदारी टाकली आहे. दोन कायद्यांत कलमाचा क्रमांक एकच यावा, हा निव्वळ योगायोग. पण विद्यार्थ्यांना शिकविताना उपयोगी पडतो.

अर्जापासून आदेशापर्यंत

महाराष्ट्रात दिव्यांगांना मिळणारे प्रमुख मासिक साहाय्य संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून येते. 1980 पासून चालत आलेल्या या योजनेच्या नावातील दोन शब्दांकडे लक्ष द्यावे. ‘निराधार’ हा शब्द लाभार्थ्याला आधी आधारहीन ठरवतो. ‘अनुदान’ हा शब्द राज्याच्या औदार्याकडे निर्देश करतो; हक्काकडे नव्हे. अर्जांचा निर्णय तालुका समितीत होतो. तिचा अध्यक्ष अशासकीय असून तहसीलदार सदस्य-सचिव असतात. अशासकीय अध्यक्षामुळे लोकाभिमुखता येते, असे समर्थन केले जाते. त्यात तथ्य नाही असे नाही. पण त्याचबरोबर दावा ‘शब्द टाकण्या’चा विषय होतो. कोणाकडून शब्द टाकावा, या विवंचनेत असलेल्या माणसाला अपिलाची मुदत विचारण्याचे सुचत नाही.

दिव्यांगांसाठी कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वार्षिक 50,000 रुपये आहे, म्हणजे महिन्याला 4,167 रुपयांच्या आत. उत्पन्नाचा दाखला हा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 खालील अधिसूचित सेवांपैकी आहे. तो नाकारल्यास कारण लेखी द्यावे लागते व त्यावर अपील असते. ही एक किल्ली सामान्य अर्जदाराच्या हाती आहे. परंतु ती त्याच्या हाती देणारा कोणी नाही.

रकमेच्या बाबतीत तर विधी साहाय्याच्या अभावाची किंमत प्रत्यक्ष मोजता येते. 2016 च्या कायद्याच्या कलम 24 मध्ये सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना मिळणारी रक्कम इतरांसाठीच्या तत्सम योजनांपेक्षा किमान 25 टक्के अधिक असावी, असे परंतुक आहे. संजय गांधी योजनेतील साहाय्य जुलै 2023 पासून 1500 रुपये झाले आणि ते दिव्यांगांना व अन्य लाभार्थ्यांना सारखेच होते. कलमाचा सरळ अर्थ घेतल्यास ते दिव्यांगांना किमान 1875 रुपये असावयास हवे होते. ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांगांसाठी 2500 रुपये लागू झाले तेव्हा हा फरक भरून निघाला, पण तो राजकीय आंदोलनांच्या व मागण्यांच्या मार्गाने. दरमहा 375 रुपयांसाठी कोणी वकील करत नाही आणि वकिलालाही त्यात काही नसते. केंद्राच्या 2009 मधील इंदिरा गांधी राष्ट्रीय अपंग निवृत्तिवेतन योजनेची अवस्था याहून बिकट आहे. 80 टक्के अपंगत्व आणि दारिद्र्यरेषा या दोन्ही अटी पार केल्यावर केंद्राचा हिस्सा 300 रुपये.

अमेरिकेत अपंगत्व लाभाच्या दाव्यात प्रतिनिधीचे शुल्क मंजूर थकबाकीच्या जास्तीत जास्त 25 टक्के, ठरावीक कमाल रकमेच्या अधीन, असे असते आणि प्रतिनिधी वकीलच असला पाहिजे असे नाही. इंग्लंड-वेल्समध्ये 2012 च्या कायद्याने एप्रिल 2013 पासून कल्याणकारी लाभांची बहुतेक प्रकरणे सरकारी विधी साहाय्यातून वगळली गेली. पहिल्या पद्धतीत दाव्याच्या रकमेतून मदतनीस उभा राहतो. आपल्याकडील रक्कम इतकी अल्प आहे की ती पद्धत येथे चालणार नाही. दुसऱ्या उदाहरणात असलेले काढून घेतले गेले. आपल्याकडे कागदावर आहे ते अद्याप दिले गेलेले नाही, आणि ही स्थिती तुलनेने बरी मानावी लागेल.

अंतर आणि मदतनीस

बोरीच्या अर्जदाराचा मार्ग डोळ्यांसमोर आणून पाहावा. तहसील व तालुका विधी सेवा समिती जिंतूरला. जिल्हा रुग्णालय व जिल्हा विधी सेवा प्राधिकरण परभणीला, नेमके विरुद्ध दिशेला. दिव्यांगांसाठीच्या राज्य आयुक्तांचे कार्यालय पुण्यात. उच्च न्यायालयाचे खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला. आयुक्तांना कलम 82 ने दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार दिले आहेत आणि त्यांच्या शिफारशीवर तीन महिन्यांत कार्यवाही करणे किंवा न स्वीकारण्याची कारणे कळविणे कलम 81 ने बंधनकारक आहे. वकिलाशिवाय, साध्या अर्जावर वापरता येण्याजोगा हा उपाय तालुक्यात जवळजवळ अज्ञात आहे. पायाने अधू माणसाला एस. टी. च्या पायऱ्या चढून हे सर्व करावयाचे आहे, हे वाक्य लिहिताना संकोच वाटतो, कारण ते सर्वांना ठाऊक आहे.

मग प्रत्यक्षात मदत कोण करतो? तहसीलसमोरचा अर्जनवीस, सेवा केंद्रात संगणकावर बसलेला तरुण, गावातला कार्यकर्ता आणि अर्थात एजंट. अभ्यासकांनी या मंडळींना सरसकट दलाल म्हणून मोडीत काढू नये. 1 जून 2021 पासून अपंगत्वाचे प्रमाणपत्र केंद्राच्या संकेतस्थळामार्फतच काढणे बंधनकारक झाल्यावर सेवा केंद्राचा चालक हाच अनेकांचा पहिला कायदेशीर सल्लागार झाला आहे. अर्जातील नावातला काना-मात्रा चुकला तर पुढे आधारशी जुळत नाही, हे तो जाणतो. तो जाणत नाही ते एवढेच की नकार लेखी मागावा आणि त्याविरुद्ध कोठे जावे. तेवढे ज्ञान पुरविण्यासाठी 2009 पासून विधी स्वयंसेवकांची योजना आहे. स्वयंसेवकाने शिबिराला माणसे जमवावीत, ही तिची आजची समजूत बदलणे हे खरे काम आहे.

महाविद्यालयांविषयी

शेवटी आपल्याविषयी. विधी साक्षरतेचे कार्यक्रम आपण दरवर्षी घेतो. फलक, पुष्पगुच्छ, छायाचित्र, वृत्तपत्रातील कात्रण, मूल्यांकनाच्या संचिकेतील नोंद. ‘जनजागृती’ हा आपला आवडता उपाय आहे, कारण त्यात अज्ञान श्रोत्यांचे असते. प्रस्तुत लेखकाने वर सांगितलेल्या शिबिराचा अहवाल स्वतः लिहिला. त्यात उपस्थितांची संख्या होती. तो प्रश्न नव्हता.

कला-वाणिज्य महाविद्यालयाने वकिली करावी अशी अपेक्षा नाही. तालुका समितीच्या मान्यतेने, 2011 च्या विनियमांनुसार, आठवड्यातून एक दिवस एक शिक्षक, दोन विद्यार्थी आणि एक विधी स्वयंसेवक बसले तरी पुरेसे आहे. त्यांनी प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी. नकार तोंडी असेल तर दिनांक व कार्यालय नोंदवून त्याच दिवशी लेखी कारणांची मागणी टपालाने पाठवावी. टक्केवारीचा वाद असेल तर कलम 59 चे अपील तयार करावे. वर्षभरात वीस दावे शेवटपर्यंत नेले तरी पीठासीन न्यायाधीशांपुढे ठेवण्याजोगे वीस कागद तयार होतील. त्या गृहस्थांकडे जो एक कागद नव्हता, तो त्या वीसांपैकी पहिला असावा. बसण्याचा दिवस बाजाराचा ठेवावा, म्हणजे वेगळे तिकीट काढावे लागणार नाही.