खूण आणि दिंडी : पदयात्रालेखनाचा एक निकष

मांजरसुंबा हे बीडच्या दक्षिणेस, बालाघाटाच्या माथ्यावरील गाव. मुक्ताईनगरहून निघणारी संत मुक्ताबाईंची पालखी महिन्याहून अधिक काळ चालून पंढरपुरास पोचते. बीड सोडल्यावर तिला हा घाट चढावा लागतो. जवळच्या कपिलधार येथे मन्मथस्वामींच्या समाधीस कार्तिकी पौर्णिमेला पायी दिंड्या येतात. या चालणाऱ्यांना वाट दाखवते ती पुढच्या दिंडीची पताका. या साध्या गोष्टीत मराठी पदयात्रालेखनाच्या मूल्यमापनाचा एक निकष दडलेला आहे.

अमेरिकेतील ॲपलाचियन डोंगरवाट १९३७ साली पूर्ण झाली. सुमारे ३,५०० किलोमीटरांच्या या वाटेवर झाडाखडकांवर रंगवलेले, दोन इंच रुंद व सहा इंच उंच असे पांढरे पट्टे पांथस्थाला पुढे नेतात. अर्ल शॅफर १९४८ साली ती एकट्याने चालला, तेव्हा युद्धकाळातील दुर्लक्षामुळे अनेक ठिकाणी वाटच बुजली होती. त्यामुळे त्याच्या वृत्तान्तातील संघर्ष वाट हरवण्याचा व सापडण्याचा आहे.

या मापाने मोजल्यास इरावती कर्वे यांचा ‘वाटचाल’ (‘परिपूर्ती’, १९४९) हा लेख किंवा दि. बा. मोकाशी यांची ‘पालखी’ (१९६४) साहसशून्य वाटेल. परंतु ते माप येथे लागू पडत नाही. वारीत वाट आधीच ठरलेली असते. ‘कोठे जावे’ हा प्रश्न उरत नाही, म्हणूनच ‘कोणासह चालावे’ हा प्रश्न तीव्र होतो. एकाच विठ्ठलाचे नाव घेणारे जातीनुसार वेगळे चालतात, वेगळे जेवतात, हे कर्वे यांना अस्वस्थ करते. त्यांच्या लेखातील अवघड चढण हीच आहे. मोकाशी श्रद्धेच्या उंबरठ्यावर उभे राहून सहप्रवाशांचे संसार न्याहाळतात. त्यांची कसोटी समूहात मिसळता येते की नाही, ही आहे.

तथापि दोघेही पुण्याचे सुशिक्षित पाहुणे आहेत. समूहाचे दुःख ते पाहतात, पण परतण्याची सोय त्यांच्यापाशी असते. ही या दोन्ही कृतींची मर्यादा होय. शिवाय दोघांचीही वाट आळंदीची आहे. मांजरसुंब्याचा घाट तिच्यावर लागत नाही. या घाटाविषयी उद्या कोणी लिहिल्यास त्याने वळणे किती मोजली, हे गौण ठरेल. पाठीमागून चढणाऱ्याचा श्वास त्याने किती ऐकला, यावरच त्या लेखनाचे मोल ठरावे.