टाके सुकल्यानंतरची भीती

अलेक्झांडर सोल्झेनित्सिन यांची ‘कॅन्सर वॉर्ड’ अलीकडे पुन्हा वाचली. सोव्हिएत राजवटीवरची कादंबरी म्हणून तिची चर्चा झाली, आणि ते खरेही आहे. पण या वेळी मी ती अम्मीच्या ऑपरेशननंतर वाचत होतो. मला तीत राजवटीपेक्षा भीतीच जास्त दिसली. गाठ निघाली, टाके सुकले, तरी न निघणारी भीती.

लेखकाला ती अंगानिशी ठाऊक होती. १९५२ साली कैद्यांच्या छावणीत त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली, १९५३ संपता संपता दुखणे परतले आणि १९५४ साली तो ताश्कंदच्या इस्पितळात पोचला. म्हणूनच येफ्रेम पोद्दुयेव हे पात्र इतके खरे उतरले आहे. जिभेचा कॅन्सर उपचारांनी हटला म्हणून हा गडी कामाला निघून जातो आणि रोग मानेत उतरतो. मानेला पट्ट्या बांधून तो वॉर्डात येरझाऱ्या घालतो, इतरांनाही घाबरवतो. म्हाताऱ्या शुलुबिनची भीती वेगळी. ऑपरेशन व्हायच्या आधीच त्याला पुढच्या जगण्याची धास्ती आहे: पोटाला पाडलेल्या वाटेने मलविसर्जन, त्याचा वास, आणि आपल्याशेजारी मग बसेल कोण? म्हातारपणी भीतीत लाज किती मिसळलेली असते, हे इतक्या उघडपणे मी दुसरीकडे वाचलेले नाही.

माझी तक्रार पुढेच आहे. याच वॉर्डात मुर्सलिमोव हा म्हातारा उझबेक आहे, एगेनबेर्दिएव हा कझाक मेंढपाळ आहे. तातार सिबगातोव सोडला तर या मंडळींच्या मनात लेखक फारसा शिरत नाही. ती खाटेवर मुकाट बसलेली. जणू भीतीला रशियनच येते!

अर्थात सोल्झेनित्सिनला दोष देऊन आपण सुटत नाही. १९९० च्या सोलापूर संमेलनापासून आपल्या लेखकांनी दंगल, दारिद्र्य, तलाक, अस्मिता यांवर हक्काने लिहिले. त्यातली आजारी अम्मी मात्र, निदान माझ्या वाचनात, तसबीह फिरवत शांतपणे जाते. सब्र म्हणजे न घाबरणे, असे आपण धरून चाललो आहोत. हजरत याकूब (अ.) यांचे डोळे मुलाच्या दुःखाने पांढरे पडले, आणि कुरआनात ‘सुंदर सब्र’ हे शब्द त्यांच्याच तोंडी आहेत.

अम्मी दर तीन महिन्यांनी तपासणीला जाते. आदल्या रात्री ती घासलेली भांडी पुन्हा घासते. ठसका लागला की आम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून ओढणी तोंडावर धरते. काही निघाले नाही असे डॉक्टरांनी सांगितले की चार दिवस बरे जातात, चारच. भीती वाटते का, असे एकदा विचारले तर म्हणाली, “अल्ला मालिक. भाईकू कुछ मत बोल.” आपल्या कथा पहिल्या वाक्यापाशी थांबतात. दुसऱ्या वाक्याची कथा कधी अंकाकडे आली होती का, हे संपादकांना विचारायचे आहे.